पोल तिसऱ्यांदा पडला

सकाळपासून डोकं फिरलंय. लिहून टाकते, म्हणजे दुपारचं जेवण तरी गोड लागेल. लांबण लागणार आहे. ज्यांना वेळ नाही त्यांनी लाइक करून पुढे जावं, मी काही मनावर घेणार नाही.

तुम्हाला माहीतच आहे, मी पोटासाठी भाषांतरं करते. बँकांची पत्रकं, औषधाच्या खोक्यातल्या त्या घड्या घातलेल्या चिठ्ठ्या, मिक्सरच्या माहितीपुस्तिका. गेले तीन आठवडे एका मोठ्या ऊर्जा कंपनीचा अहवाल मराठीत करत होते. नाव सांगणार नाही, करारात तसं लिहून दिलंय. विषय असा की कंपनी कार्बन कसा कमी करणार आणि बिघडलेल्या हवामानाच्या तडाख्यातून कशी निभावणार. पानं दोनशे चौदा. त्यात ओळीआड एक शब्द येतो, रेझिलियन्स. मी त्याला 'तग' लिहिलं. आज सकाळी साडेनऊला फाइल परत आली, सगळीकडे लालच लाल. कडेला टीप: "तग धरणे म्हणजे कसेबसे जगणे. नकारात्मक छटा. कृपया 'लवचिकता' वापरावे."

आणि पावणेदहाला आत्याचा फोन. "अगो, पोल पडला. आपला तोच."

आपला तोच म्हणजे कुठला, ते सांगायला मला २०२० मध्ये जावं लागेल.

३ जून २०२०. निसर्ग चक्रीवादळ दुपारी दिवेआगर-श्रीवर्धनच्या पट्ट्यात जमिनीवर चढलं. आमचं गाव त्याच तालुक्यात. मी इथे डोंबिवलीत, लॉकडाऊन, हलता येत नव्हतं. आत्या तिथे एकटी, वय तेव्हा एकाहत्तर. दुपारी बाराला शेवटचं बोलणं झालं. "वारा सुटलाय गो, मी माजघरात बसत्ये," एवढंच. त्यानंतर फोन बंद. मोबाइलचे टॉवर गेलेले, तारा तुटलेल्या, रस्त्यावर झाडं आडवी. सहाव्या दिवशी शेजारच्या भाऊंच्या मुलाने म्हसळ्याच्या बाजूला जाऊन कुठल्याशा टेकाडावरून मला फोन लावला. "आत्या बरी आहे. कौलं गेली. बाग गेली." त्या पाच दिवसांत मी काय खाल्लं, काय केलं, मला आजही आठवत नाही.

बाग म्हणजे नारळ-पोफळीची. श्रीवर्धनचा रोठा तुम्ही ऐकला असेल, ती सुपारी. पोफळ लावली की फळ धरायला सात-आठ वर्षं जातात. आजोबांच्या हातची झाडं होती. काडेपेटीतल्या काड्या सांडाव्यात तशी पडली. वाडीच्या तोंडाशी असलेला फणस तेवढा उभा राहिला, एक फांदी गमावून. आणि फणसापलीकडचा सिमेंटचा पोल मध्यावर मोडून वाडीच्या बेड्यावर, म्हणजे फाटकावर, आडवा. आतल्या सळया बाहेर आलेल्या, भाऊंच्या मुलाने फोटो पाठवला होता. तोच तो पोल.

लाइट सदतीस दिवसांनी आली.

सदतीस. पाऊस सुरू झालेला, छप्परावर ताडपत्री, विहिरीवरचा पंप मेलेला. आत्याने माळ्यावरून जुना रहाट काढायला लावला. फोन चार्ज करायचे भाऊंच्या ट्रॅक्टरच्या बॅटरीवर, आठवड्यातून दोनदा, रांग लावून. मी नंतर एकदा विचारलं, कसे काढलेस गं दिवस? म्हणाली, "काढले कुठले, तगलो."

आता सांगा, मी 'लवचिकता' कसं लिहू? मांजर लवचिक असतं. योगासनवाल्या बाईंचं अंग लवचिक असतं. कंपनीच्या सुट्ट्यांचं धोरण लवचिक असतं म्हणे. सिमेंटचा पोल लवत नाही हो. तो उभा असतो नाहीतर मोडतो.

जरा पाणी पिऊन आले.

अहवाल वाईट आहे असं मी म्हणत नाही. खरंच नाही. तीन आठवड्यांत मला पुष्कळ कळलं. दोन प्रकारच्या जोखमी मांडतात. एक बदलाची: उद्या कोळसा नकोसा झाला, कायदे कडक झाले, कर्ज देणाऱ्यांनी हात आखडते घेतले, तर आपल्या वीजकेंद्रांचं काय होणार? दुसरी निसर्गाची: पूर, वादळ, उष्णता, दुष्काळ. कार्बनचेही तीन वर्ग करतात. कंपनीच्या स्वतःच्या धुराड्यातून निघतो तो पहिला, स्वतःसाठी घेतलेल्या विजेचा दुसरा, बाकी सगळ्या दुनियेचा तिसरा. त्यात एक गंमत आहे. वीज वाटणारी कंपनी जी वीज विकत घेऊन गिऱ्हाइकाला पोचवते ती तिसऱ्यात धरायची, आणि जी वाटेत तारांमध्येच गळून जाते ती दुसऱ्यात. मला हे वाचताना हसू फुटलं. आमच्याकडे पोल आडवा होता, वीज निघतच नव्हती, गळणार कुठून? रॉकेलचा कंदील सोडला तर आत्याचं घर सदतीस दिवस नेट झिरो, म्हणजे कार्बनची बाकी शून्य, होतं. देशाने २०७० सालचा वायदा केलाय, आमच्या घराने पन्नास वर्षं आधीच करून दाखवलं. आहे का कुठला पुरस्कार?

चेष्टा पुरे. राग कशाचा आहे ते सांगते. दोनशे चौदा पानांतली शंभरावर पानं पहिल्या जोखमीवर. सौर किती, पवन किती, बॅटऱ्या किती, कोळशाची केंद्रं कोणत्या साली निवृत्त, सगळे आलेख हिरवे. दुसऱ्या जोखमीला अकरा पानं. मोजली मी. त्यात एक तक्ता: कुठे किती धोका. लाल म्हणजे जास्त, पिवळा म्हणजे मध्यम, हिरवा म्हणजे कमी. कोकण किनारपट्टी पिवळी आहे. माझी आत्या 'मध्यम' मध्ये बसते.

ही कंपनी आमच्या गावाला वीज देणारी नाही, ती वेगळी. पण अहवाल सगळ्यांचे एकाच साच्यातून काढलेले असतात, मी अशा तीन कंपन्यांची कामं केलीत. सेबीने शेअर बाजारातल्या पहिल्या हजार कंपन्यांना पर्यावरण-समाज वगैरेचा अहवाल देणं सक्तीचं केल्यापासून माझ्यासारख्यांची चूल बरी पेटते, ते खोटं कशाला बोलू. पण कार्बनचा हिशेब गुंतवणूकदार विचारतो, कर्ज देणारा विचारतो. पोलचा हिशेब फक्त आत्या विचारते, तोही मला.

मला माहितीय, आता दोघं-तिघं कमेंटमध्ये येणार. "मग काय कोळसाच जाळत बसायचं का?" नाही. कोळसा जायलाच हवा, चंद्रपूरला माझी मावशी असते, तिथलं वाळत घातलेलं धुणं कसं होतं ते मी बघितलंय. आणि कोळशालाही हवामान काही सोडत नाही. परळीचं औष्णिक केंद्र २०१५ मध्ये बंद ठेवावं लागलं, खडका बंधाऱ्यात पाणीच नव्हतं म्हणून. कोळसा आहे, यंत्रं आहेत, माणसं आहेत, पाणी नाही. तेव्हा सौर हवं, पवन हवं. शेतीचे फीडर, म्हणजे शेतांना वीज पोचवणाऱ्या लाइनी, सौरऊर्जेवर नेण्याची राज्याची १६,००० मेगावॅटची योजना आहे, त्यातून शेतकऱ्याला दिवसा वीज मिळणार असेल आणि रात्री दोनला सापाविंचवातून मोटार सुरू करायला जायचं टळणार असेल, तर मी दोन्ही हात जोडते. मान्य. सगळं मान्य.

पण वीज सूर्याची असो नाहीतर कोळशाची, घरात येते ती पोलवरूनच ना?

हेच मला त्या लाल टिपा काढणाऱ्याला सांगायचं होतं. सांगितलं नाही. 'ओके, नोटेड' लिहिलं. बिल निघायचंय अजून.

आजचीच गोष्ट घ्या. भाऊंनी दोन वर्षांपूर्वी छपरावर सौर पॅनेल बसवली, तीन किलोवॅटची, केंद्राचं ७८,००० अनुदान घेऊन. गावभर बोलबाला, बिल शून्य. काल संध्याकाळी अवकाळी आला, वारा सुटला, पोल पडला. आज सकाळी लख्ख ऊन. भाऊंच्या छपरावर पॅनेल चमकतायत आणि घरात पंखा बंद! भाऊ आत्याकडे येऊन बडबडत बसलेत, "सूर्य माझा, छप्पर माझं, पत्रे माझे, मग लाइट का नाही?" कारण लाइनमध्ये वीज नसली की पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारा तो इन्व्हर्टर आपोआप बंद पडतो. बॅटरी वेगळी घ्यावी लागते, तिचे पैसे वेगळे, बसवणाऱ्याने ते सांगितलेलं नसतं.

मी पण चिडले होते यावर. मग आठवलं की ते तसं का ठेवलंय. छपरावरची वीज उलटी लाइनमध्ये गेली तर पोलवर चढलेला माणूस जागच्या जागी जाईल. आणि पोलवर चढलेला माणूस म्हटलं की मला तो मुलगा आठवतो.

त्याचं सांगायचं राहिलंच. २०२० मध्ये इथली माणसं पुरेनात म्हणून बाहेरच्या जिल्ह्यांतून तुकड्या आल्या होत्या. आमच्याकडे आलेली पोरं हिंगोलीकडची. करोनाचे दिवस, गावात कोणी घरात घ्यायला तयार नाही, शाळेच्या वर्गात झोपायची. वाडीतल्या वाटेने गाडी जात नाही, त्यामुळे पोल खांद्यावर आणायचा. आठ-दहा जण, खाली चिखल, आडव्या पडलेल्या पोफळी ओलांडत, 'हैय्या' करत. आत्याने त्यांना ओटीवर जेवायला वाढलं. गावात दोघांनी नाकं मुरडली, तिने लक्ष दिलं नाही. त्यातला एक अगदी लहान, जेमतेम विशीचा, कंत्राटी. आमटीभात दोनदा घेतला आणि मग लाजत विचारलं, "आजी, समिंदर कुठं हाय?" नऊ दिवस समुद्राच्या वासात काम करत होता आणि समुद्र बघितला नव्हता! आमच्या घरापासून सात मिनिटं चालत. वेळच मिळाला नव्हता. आत्याने भाऊंच्या मुलाबरोबर त्याला धाडलं. परत आला तो भिजून, सगळे कपडे खारे. संध्याकाळी तोच चढला पोलवर, वरून ओरडला, "आजी, बगा आता!"

आत्या अजून सांगते हे. सांगताना 'बगा' असंच म्हणते.

त्या पोरांबद्दल मी चकार शब्द वाईट ऐकून घेणार नाही. त्यांना काय सांगितलं होतं? लवकर उभा करा. वरून फोनवर फोन, मंत्री येणार, चॅनेलवाले येणार. तोच खड्डा मोकळा केला, नवा पोल त्यात उभा केला, जांभ्याचे चिरे आणि माती भरली. काँक्रीट आलं नव्हतं. पोलला बाजूने ओढून धरणारा ताण द्यायला हवा होता, त्याची तार संपलेली. भाऊंनी विचारलं तर पर्यवेक्षक म्हणाले, नंतर येऊन करून देतो. ते 'नंतर' काही आलं नाही.

मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ आलं. ते तर किनाऱ्याला नुसतं खांदा घासून गुजरातकडे गेलं. पोल कलला, तारा झोळीसारख्या लोंबल्या. बारा दिवस लाइट नाही. परत माणसं आली, सरळ केला, परत तोच खड्डा. आत्याने अर्ज दिला, भाऊंनी दिला, मी डोंबिवलीतून ऑनलाइन तक्रार टाकली. मेसेज आला: आपली तक्रार निवारण झाली आहे. अर्ज दिल्याच्या तिसऱ्या दिवशी! कोणी येऊनसुद्धा बघितलं नव्हतं.

आणि काल तिसऱ्यांदा. काल तर चक्रीवादळही नव्हतं. वळवाचा वारा होता नुसता.

कॅलिफोर्नियातली गोष्ट माझ्या मावसभावामुळे मला माहीत झाली, तो तिकडे असतो. ८ नोव्हेंबर २०१८ ची सकाळ. डोंगरातल्या जवळजवळ शंभर वर्षं जुन्या लाइनवर एक लोखंडी आकडा होता, तार लटकवायचा, तळहाताएवढा. झिजून झिजून तुटला. तार टॉवरला लागली, ठिणगी खालच्या सुक्या गवतात. पॅराडाइज नावाचं जवळजवळ आख्खं गाव जळून गेलं, ८५ माणसं गेली. कंपनी पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक. तीन महिन्यांच्या आत तिने दिवाळखोरीचा अर्ज केला, पुढे कोर्टात मनुष्यवधाचे गुन्हे कबूल केले. आणि कोळशाची वीज या कंपनीकडे जवळपास नव्हतीच! कार्बनच्या परीक्षेत पहिल्या बाकावरची मुलगी. नंतर म्हणाले, दहा हजार मैल तारा जमिनीखाली घालू. त्या लोखंडी आकड्याला किंमत ती काय होती?

मी अहवालात शोधलं, 'आकडा', 'पोल', 'ताण', 'खड्डा' यातलं काही येतं का. नाही येत. 'मालमत्ता' येतं. पोल म्हणजे मालमत्ता. वायरमनसाठी 'मनुष्यबळ' आहे, कंत्राटी पोरांसाठी 'मूल्यसाखळीतील भागीदार'. शपथ घेऊन सांगते, मीच केलंय ते भाषांतर.

'तारा जमिनीखाली घाला' म्हणणं सोपं आहे, हे मला कळतं. अलिबाग-रत्नागिरीसारख्या ठिकाणी चक्रीवादळाच्या धोक्यासाठी असलेल्या प्रकल्पातून भूमिगत वाहिन्यांचं काम घेतलंही गेलं. पण खर्च कितीतरी पट, आमच्याकडे जांभा फोडायचा, पावसात केबलच्या जोडात पाणी शिरलं तर दोष कुठे ते शोधण्यातच चार दिवस. आणि खर्च शेवटी बिलातच येणार. आमच्या वाडीत घरं किती, चौदा. चौदा घरांसाठी किलोमीटरभर केबल कोण घालतं? बरं, नका घालू. मी भूमिगत मागतच नाहीये. दीड फूट जास्त खोल खड्डा, त्यात काँक्रीट, आणि एक ताण, एवढंच मागतेय. पावसाळ्याआधी तारांवरच्या फांद्या छाटा. तालुक्याला चार पोल जास्तीचे पडलेले असू देत. खाऱ्या वाऱ्याने लोखंड गंजतं हे कोकणातल्या शेंबड्या पोराला ठाऊक आहे, ते गंजायच्या आधी बदला. आणि जो मुलगा वर चढतो त्याला कायम करा, निदान पट्टा तरी धड द्या. यात कुठला आलेख काढायचा?

चिपळूण २२ जुलै २०२१ ला बुडालं, त्यानंतर माझी एक मैत्रीण म्हणाली होती की पाणी ओसरल्यावर लोकांनी पहिल्यांदा काय विचारलं असेल तर 'लाइट कधी येणार'. चिखल काढायला पाणी हवं, पाण्याला पंप हवा, पंपाला वीज. सगळं त्या एका तारेला लटकलेलं. आणि आता तर आपण सगळंच विजेवर नेतोय. स्वयंपाक विजेवर, स्कूटर विजेवर, आता एसटीही विजेवर येतेय. चांगलंच आहे. पण मग तार पडल्यावर माणूस आधीपेक्षा जास्त अडकणार ना? आत्याकडे रहाट तरी होता. माझ्याकडे सातव्या मजल्यावर काय आहे?

हे लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. लाल टिपा काढणारा कोणी तरी माझ्यासारखाच असेल, त्यालाही वरून शब्दांची यादी आली असेल. कदाचित त्यानेही गावाला कोणाला तरी मागे ठेवलं असेल. त्याला मी मघाशी मनात पुष्कळ बोलले, ते मागे घेते. अर्धं घेते.

दुपारी परत फोन केला आत्याला. शांत होती. या वयातही माझ्यापेक्षा शांत. म्हणाली, "पोल बेड्यावर पडलाय, गाय बाहेर काढता येत नाही, म्हणून कुंपण मोडलं एका अंगाने." मी म्हटलं, इकडे ये चार दिवस. "आणि गाईला काय तुझ्या लिफ्टमधून आणू?" मग हळूच विचारलं, "गो, तो हिंगोलीचा येईल का या खेपेस?" मी म्हटलं, आता नाही गं येत बाहेरची माणसं, एवढ्याशा पोलला इथलीच येतील. "हो का," म्हणाली. मग थोडा वेळ बोललीच नाही.

फाइल रात्री अकरापर्यंत द्यायची आहे. 'तग' सत्त्याऐंशी वेळा आलंय, आत्ताच मोजलं. बदलायचं म्हटलं तर एका क्लिकचं काम. भाषेतल्या मंडळींनो, तिसरा एखादा शब्द असेल तर सुचवा, जो त्यांना चालेल आणि मला लिहिताना लाज वाटणार नाही. 'सक्षमता' सुचवू नका, ते दुसऱ्या तीन शब्दांसाठी वापरून संपलंय.

अपडेट, रात्री ८.१०: लाइट आली. वायरमन दोघे आले होते, तालुक्याचेच. नवा पोल शिल्लक नाही, आठवडाभरात येईल म्हणाले. तोपर्यंत तार आमच्या फणसाला बांधून दिलीय. आत्या म्हणते, पोल आला तरी काढू नका, तिथेच बरी आहे.